दगडाबाईचे दोन डोळे

दुसरं महायुद्ध संपलं त्या साली आटपाडीचा ज्योतिबा आईला, दगडाबाईला, घेऊन सांगलीच्या डोळ्यांच्या दवाखान्यात आला, तो मनात अढी धरूनच. दगडाबाईचा डावा डोळा एका फिरत्या सुईवाल्यानं घालवला होता. बाजारच्या दिवशी त्यानं तिला लिंबाखाली बसवलं, डोळ्यात सुई घालून मोतीबिंदू आत ढकलला, आणि बाईला खरोखरच दिसलं. ज्योतिबानं त्याला कोंबडं दिलं, वर पाया पडला. तो गाव सोडून गेला आणि मागं डोळा पिकून फुटला. आता उजव्या डोळ्यावरही पांढरं धरलं होतं.

डॉक्टर आठल्यांनी तपासलं. "डावा गेलाय. उजव्यातला मोतीबिंदू मात्र काढता येईल."

"काय घ्याल?"

"काही नाही. धर्मादाय दवाखाना आहे."

फुकट म्हटल्यावर ज्योतिबा जास्तच सावध झाला. तेवढ्यात शिकाऊ डॉक्टरांचा घोळका आला. एकेक जण वाकून आईच्या डोळ्यात बघायचा, आणि डॉक्टर इंग्रजीत काहीबाही सांगायचे. शेजारच्या खाटेवर कुंडलचे भाऊसो होते, त्यांनी आपणहून माहिती पुरवली. "लय शिकवत्यात पोरांना. मासिकातबी लिवत्यात, पापण्यांत खुपऱ्या कशानं हुत्यात, पोरांच्या डोळ्यांत काजळ का घालू न्हाई, असलं."

फुकटाचं कारण ज्योतिबाला कळलं. आईच्या डोळ्यावर पोरं हात बसवणार.

त्यानं डॉक्टरांना व्हरांड्यात गाठलं. "आवं डाक्तर, हत्यार कोन धरनार?"

"मी. माझी विद्यार्थिनी शकुंतला शेजारी मदतीला असेल."

"मग मीबी आत हुबा ऱ्हानार."

डॉक्टरांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाले, "आंघोळ करून या. तोंडाला फडकं बांधायचं, आणि कशाला हात लावायचा नाही."

शस्त्रक्रियेच्या खोलीत ज्योतिबा भिंतीला टेकून उभा राहिला. नजर शकुंतलाच्या हातांवरून हलू दिली नाही. मध्येच ती आईच्या तोंडावर वाकली, तसा तो पुढं सरला.

"थांबा," मान वर न करता डॉक्टर म्हणाले. "पापणी धरलीय तिनं, बाकी काही नाही."

तो थांबला, पण मागं सरला नाही.

शस्त्रक्रिया झाल्यावर दगडाबाईचे डोळे बांधून, डोक्याला दोन्हीकडून वाळूच्या पिशव्या लावून तिला निजवलं. पट्टी सोडली त्या सकाळी डॉक्टरांनी तिच्यापुढं बोटं धरली.

"तीन," ती म्हणाली. मग मान वळवून, "ज्योत्या, किती वाळलास रं."

शिकाऊ पोरं हसली. ज्योतिबा हसला नाही.

"तवाबी दिसलं हुतं," तो म्हणाला.

"कवा?" डॉक्टरांनी त्याच्याच बोलीत विचारलं. ज्योतिबानं सुईवाल्याचं सगळं सांगितलं, कोंबड्यासकट. पोरांचं हसू विरलं.

"मग इतक्यात घरी जाऊ नका," डॉक्टर म्हणाले. "डोळा टिकतो का ते बघा. मी इथंच आहे."

ज्योतिबा राहिला. व्हरांड्यात घोंगडं अंथरून निजायचा आणि उजाडलं की आईला समोरच्या चिंचेवरची पाखरं दाखवायला लावायचा. डोळा लाल झाला का, पाणी येतंय का, बघायचा. लाली उतरत गेली. एका सकाळी तो पाखरांचं विचारायचंच विसरला, आणि तिनंच आठवण केली.

निघताना डॉक्टरांनी विचारलं, "हे मासिकात लिहू का? अजून पुष्कळ लोक त्या सुईकडं जातात."

ज्योतिबाचा चेहरा पुन्हा बंद झाला. "नाव घालू नका. आईला त्या सुईवाल्याफुडं मीच बसिवलं म्हनत्याल लोक."

"घाला," दगडाबाई म्हणाली. "आन दोनी डोळ्यांचं लिवा. नुसतं बऱ्या डोळ्याचं लिवलं तर आमच्याकडं कोन इस्वास ठिवंल?"

ज्योतिबा बराच वेळ घोंगड्याची घडी घालत राहिला.

"लिवा," शेवटी तो म्हणाला. "पर छापायच्या आदी मला वाचून दावा."

डॉक्टर हो म्हणाले.