वरची चाळणी

मित्रांनो, मी एक जुनी चाळणी आहे. पितळी कडेची, पोलादी जाळीची, एकावर एक ठेवलेल्या चाळण्यांतली वरची. माझी सारी हयात लुईझियानाच्या किनाऱ्यावरील एका प्रयोगशाळेत गेली. समुद्रात तेलविहीर खणताना वापरलेला द्रव दगडमातीसह तळाशी जातो. तो किती विषारी आहे हे ठरवण्यासाठी येथे तो बरण्यांतील गाळात मिसळत आणि त्यात तांदळाच्या दाण्याएवढे जिवंत किडे सोडत. थोरले किडे पुष्कळ सोसतात, कोवळे लवकर मरतात. म्हणून माझ्यातून खाली पडतील तेच घ्यायचे. माझ्यावर उरतील ते टाकीत परत, असा नियम होता.

अर्लीन डार्डार ही कोळंबी पकडणाऱ्या घरातली बाई तेथे नव्याने कामाला लागली. तिने किडे चाळले, बरण्या भरल्या. मुदत संपल्यावर पाहिले तर बहुतेक सारे जिवंत. द्रव निर्धोक ठरला म्हणून तेलकंपनीचा माणूस हसत गेला. प्रयोगशाळेचे प्रमुख थर्मन बाबँ मात्र आणखी एक बरणी उजेडात धरून पाहू लागले. पडताळणीसाठी ठेवलेल्या ओळखीच्या विषाच्या बरणीतही कोणी मेले नव्हते.

त्यांनी अर्लीनला पुन्हा चाळायला सांगितले. तिने माझ्यावर उरलेलेच उचलले.

"अर्लीन, रस्सा करायचाय का यांचा?"

ती स्वतःच्या हाताकडे पाहत राहिली. "घरची सवय, मिस्टर थर्मन. मोठी टोपलीत, बारकी पाण्यात. बारकी ठेवली की बाबा हातावर फटका द्यायचे."

चूक कंपनीला कळवली तर तिची नोकरी राहणार नाही, हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले.

"कळवा," ती म्हणाली. "तो द्रव सोडणार तिथंच माझा भाऊ जाळं ओढतो."

पुन्हा चाचणी झाली. या खेपेस कोवळे किडे होते, बहुतेक मेले. द्रव समुद्रात सोडण्यास मनाई झाली. अर्लीनला काढले. जाण्यापूर्वी तिने मला मऊ ब्रशने धुतले आणि खुंटीला लावले. मला काही वाटले नाही. चाळणीला वाटत नाही.

पुढे माझी जाळी सैलावली, थोरलेही खाली पडू लागले. आता मी भिंतीवर आहे.

मित्रांनो, लहानांना सोडून द्यावे, ही सवय चांगलीच आहे. पण पाणी विषारी आहे का, हे त्यांनाच विचारावे लागते. आणि चाळणी धुताना ती उलटी धरा, पाणी हळू सोडा. एखाद्या छिद्रात अडकलेला जीव अजून हलत असतो.