गच्चीवरचे सर

मी एक जुनी तुळई आहे. सागवानी, सोळा फूट लांब आणि अंगाने भरलेली. मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलं नसेल. माणूस छताकडे पाहतो तो एक तर आजारी पडल्यावर, नाहीतर छत गळायला लागल्यावर. माझी त्याबद्दल तक्रार नाही. जिच्याकडे कोणी पाहत नाही त्या तुळईचं बरं चाललं आहे, असं समजावं.

माझी पहिली पन्नास वर्षं एका दुमजली इमारतीत गेली. खाली छत्र्या दुरुस्त करणाऱ्याचं दुकान आणि वर टायपिंगचा क्लास. माझ्या वरच्या अंगाला सुताराने सात खाचा पाडल्या होत्या. खाचांत आडव्या लाकडी कड्या, कड्यांवर फळ्या, फळ्यांवर वीस यंत्रं आणि वीस मुली. भार आला की तुळईचं वरचं अंग दाबलं जातं आणि खालचं ताणलं जातं. दाबल्या जाणाऱ्या अंगाला खाच चालते, ताणल्या जाणाऱ्या अंगाला चालत नाही. म्हणून खाच वर. आमचं सगळं शास्त्र एवढंच आहे.

चार वाजताची तुकडी सर स्वतः घेत. त्यांचा एक पाय आखूड होता. रांगांमधून फिरताना एक पाऊल जड पडे, एक हलकं, मग काठी. कुठल्या मुलीची चूक झाली की ते तिच्या मागे थांबत आणि काठी तीनदा आपटत. बोलत मात्र काही नसत. चूक कुठे आहे ते तिचं तिने शोधायचं. एके दिवशी सर आले नाहीत. दुसऱ्या दिवशी कळलं, आता येणारही नाहीत. चार वाजता मी सवयीने अंग सावरून बसले होते, ते उगीचच.

पुढे इमारत पाडायला काढली. पाडकामाचा मुकादम भला माणूस. मला दोरांनी खाली उतरवताना त्याने माझ्या पाठीवर खडूने 'वर' असं लिहिलं. एवढी दोन अक्षरं मला जन्मभर पुरली असती. पण जुन्या मालाच्या वखारीत, त्याच इमारतीतल्या इतर तुळयांबरोबर, माझेही खिळे उपटले, अंगावर रंधा मारला, तेल चोळलं, आणि अक्षरं भुशात गेली. वखारवाला गिऱ्हाइकाला सांगू लागला, "शंभर वर्षांची आहे." बाईमाणसाचं वय वाढवून सांगितलं की मागणी येते, असा हा एकच धंदा असावा.

मला ज्यांनी पसंत केलं ते नवरा-बायको एकमजली घर बांधत होते. सोबत नवऱ्याची म्हातारी आत्या. बाईंनी माझ्या खाचांवरून बोटं फिरवली आणि त्या प्रेमातच पडल्या.

"ह्या खालून दिसल्या पाहिजेत," त्या सुताराला म्हणाल्या.

"वहिनी, खाच वर असते."

"वर कोण बघणार? कावळे? जुनं लाकूड आणलंय, तर लोकांना कळायला नको?"

सुताराने डोकं खाजवलं. "तसं वर ओझं काय आहे म्हणा. नुसती गच्ची."

असं म्हणून त्याने मला पालथं घातलं. प्रत्येक खाचेत एक छोटा दिवा बसला. पाहुणे माना वर करकरून वाहवा करू लागले. आयुष्यात पहिल्यांदा माझं कौतुक झालं, तेही मी उलटी असताना. आत्यांचा पलंग बरोबर माझ्या मध्याखाली लावला गेला, कारण पंखा तिथे होता.

दोन महिन्यांनी एका दुपारी चारच्या ठोक्याला माझ्यावर पाऊल पडलं. जड. मग हलकं. मग काठी.

मित्रांनो, मला माझं करकरणं चांगलं ओळखू येतं. उन्हाचं वेगळं, दमट हवेचं वेगळं. हे माझं नव्हतं. माझ्या वर कोणीतरी चालत होतं, आणि गच्चीवर जायला जिना नव्हता.

पावलं मध्यावर आली आणि थांबली. तीन ठोके पडले. मग काही नाही.

"वर कोण आहे रे?" आत्यांनी भाच्याला विचारलं.

"आत्या, वर काही नाही."

"नसू दे. चालतंय."

तिसऱ्या दिवशी भाच्याने शिडी लावली आणि चार वाजता गच्चीवर जाऊन उभा राहिला. डांबरी कापडावर धूळ साचली होती आणि धुळीत कावळ्यांच्या पायांखेरीज काही नव्हतं. त्याला काही ऐकूही आलं नाही. मला मात्र त्याची दोन पावलं लागत होती आणि शिवाय आणखी दोन. तो उतरून आला तेव्हा आत्या शांतपणे म्हणाल्या, "तू मध्येच उभा होतास. ते तुला वळसा घालून गेले."

त्या रात्री भाच्याने शिडी उचलून आत ठेवली.

एव्हाना माझ्या चौथ्या खाचेच्या कोपऱ्यातून एक चीर निघाली होती. केसाएवढी, पण रोज चालणारी. मी जमेल तसं करकरून सांगत होते. "नवीन घर आहे, बसतंय जरा," असं सगळे एकमेकांना समजावत होते.

आणि शनिवारी पाण्याची टाकी आली. हजार लिटरची. "तुळईच्या बरोबर मध्यावर ठेवू, तीच भक्कम," भाचा म्हणाला. हमालांनी अंगणात टाकीला दोर बांधले. सुतार चहाचा कप घेऊन उभा होता. तेवढ्यात आत्या पलंगावर मांडी ठोकून बसल्या.

"आधी चूक शोधा. मग टाकी."

"कसली चूक, आत्या?" बाईंनी विचारलं.

"ते मला काय माहीत? सर कधी सांगत नाहीत. तीनदा आपटतात, बस."

"कोण सर?"

"टायपिंगचे. चार महिने होते मी त्यांच्याकडे. चालण्यावरून ओळखलं मी त्यांना."

"आत्या, ते असतील का आता?"

"नाहीत. मला त्यांच्या जाण्याचं पत्र आलं होतं."

"मग?"

"मग काय? चालायला काय झालंय त्यांना?"

सुतार हसला. नेमके तेव्हा चार वाजले.

जड. हलकं. काठी. या वेळी सगळ्यांना ऐकू आलं. भाच्याने बायकोचा हात धरला. पावलं घाई न करता आली, मध्यावर थांबली. ठक. ठक. ठक. चौथ्या खाचेतून चिमूटभर भुसा आत्यांच्या पांघरुणावर पडला.

सुताराने कप खाली ठेवला आणि स्टुलावर चढला. दिवा काढून त्याने खाचेत बोट घातलं. बोट चिरेत गेलं, पेरापर्यंत. तो खाली उतरला आणि त्याने पलंगाची एक कड धरली.

"वहिनी, आत्यांना बाहेर न्या. पलंगासकट. टाकीला कोणी हात लावायचा नाही."

संध्याकाळपर्यंत माझ्याखाली चार टेकू लागले. पुढच्या दोन-तीन दिवसांत मला काढलं, सुलटं केलं, चिरेच्या दोन्ही अंगांना लोखंडी पट्ट्या बोल्टांनी आवळल्या. खाचा वर गेल्या, दिवे पेटीत गेले. बाई थोड्या रडल्या, पण दिव्यांसाठी नव्हे. पलंगाच्या मोकळ्या जागेकडे पाहून रडल्या.

सोमवारी चार वाजले. काही नाही. आत्या पाच मिनिटं कान देऊन बसल्या आणि म्हणाल्या, "झालं. पुढच्या बाकाकडे गेले असतील."

मंगळवारी सुतार शेवटचा बोल्ट आवळत होता. दारात मागच्या गल्लीतले एक गृहस्थ आले. चप्पल न काढता उंबऱ्याबाहेरच घुटमळले.

"एक विचारायचं होतं. तुमच्या वर कोणी राहतं का? आमच्याकडे कालपासून, चारच्या सुमाराला..."

सुताराचा पाना हातातच राहिला. "तुमचीही तुळई मीच बसवली ना? वखारीतल्या याच ढिगातली?"

"हो. खाचा खाली घेतल्या होत्या, वहिनींचं बघूनच. दिवे फार छान दिसतात."

सुतार बोटांवर घरं मोजू लागला. पाचव्या बोटाला थांबला, टेकू खांद्यावर घेतले आणि बोल्ट तसाच सोडून पळत सुटला.

तेव्हा मित्रांनो, जुना माल जरूर वापरा. भुशात जाण्यापेक्षा तुमच्या डोक्यावर राहणं आम्हालाही आवडतं. फक्त बसवण्याआधी आमची पाठ कुठली ते नीट पाहा. आणि चार वाजता छतावर कोणी चाललं, तर घाबरून घर सोडू नका. ते कुठे थांबतात तेवढं बघा आणि पलंग तिथून ओढा.