बिनचूक चुका

"आई, हा प्रश्न तुमचा चुकला?" सुनेने लाल पेन उत्तरपत्रिकेवर टेकवले, पण फुली मारली नाही.

"चुकला असेल. घाई झाली," सिस्टर म्हणाल्या आणि मटार सोलत राहिल्या.

रुग्णालयातल्या सव्वीस वर्षांच्या नोकरीत 'सिस्टर' हे त्यांचे नावच होऊन बसले होते. घरात मुलगाही थट्टेने तेच म्हणे. वॉर्डप्रमुख व्हायचे तर शंभर गुणांच्या परीक्षेत साठ मिळवणे भाग होते आणि संधी तीनच. पहिल्या खेपेस सत्तेचाळीस मिळाले, दुसऱ्या खेपेस एक्कावन्न. शेवटची खेप येत्या रविवारी होती. ती हुकली, तर जिला त्यांनीच शीर शोधायला शिकवले, ती मुलगी त्यांच्या पाळ्या ठरवणार होती.

सून शाळेत शिकवी. लग्नाला चार वर्षे झाली तरी दोघींचे बोलणे गॅस आणि पाणी यांपलीकडे गेले नव्हते. या परीक्षेमुळे मात्र ती रोज संध्याकाळी त्यांच्या शेजारी बसू लागली. सरावसंचातील उत्तरांची पाने तिने कापून कपाटात, कपड्यांच्या घड्यांखाली ठेवली होती. त्या घड्या सिस्टरच रचतात, हे तिच्या ध्यानात आले नसावे. किंवा ध्यानात येऊनही तिने विश्वास टाकला असावा. दुसरी शक्यता सिस्टरांना अधिक टोचे.

ती पाने चोरून पाहिल्यावर पहिल्यांदा बासष्ट गुण पडले, तेव्हा सुनेने आनंदाने त्यांचा हात धरला होता. त्यानंतर कपाट न उघडणे त्यांना जमले नाही. संशय येऊ नये म्हणून प्रत्येक संचात पंचवीस-तीस चुका त्या मुद्दाम ठेवत, आणि त्या कुठे ठेवायच्या याचाही त्यांनी नीट विचार केला होता. जे येत नाही ते बरोबर उतरवावे, म्हणजे निदान डोक्यात राहील. जे येतेच ते चुकवले तर बिघडले कुठे?

"पाचशे मिलिलिटर सलाईन, चार तासांत द्यायचं," सून पेन न उचलता म्हणाली. "मिनिटाला थेंब किती?"

"सेट कुठला?"

"मिलिलिटरला पंधरा थेंबांचा."

"एकतीस."

उत्तर निसटले, तेव्हा मटारची शेंग हातातच राहिली.

"इथे साठ लिहिलंय तुम्ही. मागच्या वेळी इंजेक्शनची मात्रा चुकली. आणि कार्यालयीन नियम मात्र झाडून सगळे बरोबर. अहो, माझ्या वर्गातली पोरंसुद्धा इतकी उलटी कॉपी करत नाहीत." ती हसायला गेली, पण सासूचा चेहरा पाहून थांबली. मग हलकेच म्हणाली, "तुम्हाला येतात म्हणून नियमांची उजळणी मी बंद केली, आई. चारच दिवस राहिलेत."

"कपाटातून बघत होते," सिस्टर म्हणाल्या. "दुसऱ्या आठवड्यापासून."

"येत नाही असं सांगायचं ना मला."

"तू कंटाळशील असं वाटलं. मग बसली नसतीस."

सुनेने शाळेच्या पिशवीतून एक नवा संच काढला. "याची उत्तरं माझ्या फोनात आहेत. सोडवा."

दीड तासाने गुणांची बेरीज सिस्टरांनीच केली. ती पहिल्या खेपेच्या गुणांपेक्षाही कमी भरली.

तेवढ्यात मुलगा कामावरून आला. "काय सिस्टर, आज किती? पंच्याहत्तर?"

"आज नुसतं वाचन केलं," सून घाईने म्हणाली.

"त्रेचाळीस," सिस्टर म्हणाल्या.

"पुरे झाली थट्टा," म्हणत तो हसत हसत हातपाय धुवायला गेला. त्या दोघींपैकी कोणीच हसले नाही.

सुनेने खुर्ची जवळ ओढली आणि नियमांचे पहिले पान उघडून त्यांच्यापुढे सरकवले. "मोठ्यानं वाचा."

मोरीतून त्याचे गुणगुणणे ऐकू येत होते. सिस्टर पहिल्याच ओळीत अडखळल्या. त्यांनी चष्मा पुसला आणि ती ओळ पुन्हा सुरुवातीपासून वाचायला घेतली.