तिसऱ्या मिस्त्रीची जागा

काचेची भट्टी विझवायची नसते. एकदा पेटली की ती सुट्टीला थांबत नाही, संपात थांबत नाही, मालक मेला तरी थांबत नाही. आत पातळ काच असते, आणि ती जर आतच गोठली तर विटा तडकतात, तळ फुटतो, सगळं कामातून जातं. बाटल्यांच्या कारखान्यात झाडू मारणाऱ्यालाही हे ठाऊक होतं. राजधानीतल्या लोकांना ठाऊक नव्हतं, किंवा असेलही. त्यांना इतर पुष्कळ व्याप होते.

गॅस यायचा शेजारच्या देशातून. त्या देशाला सगळे ‘मोठं घर’ म्हणत, आणि म्हणताना आवाज जरा खाली आणत. औषधाच्या बाटल्या विकत घेणारंही मोठं घरच. सरपण त्यांचं, गिऱ्हाईकही तेच, आपला फक्त घाम. मोठ्या घराचं म्हणणं असं की सीमेलगतचे कारखाने आम्हाला द्या, आणि फाटकाच्या आत आमचा कायदा चालू द्या. पगार आम्ही ठरवू, कामाचे तास आम्ही ठरवू, युनियन नको, तक्रार असेल तर आमच्या कोर्टात या. सरकारनं नाही म्हटलं. मग बाटल्यांवर जकात बसली, ती वाढली, आणि त्यानंतर गॅसची धार बारीक होऊ लागली. नाक दाबलं की तोंड उघडतं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

त्या सकाळी थोरले मिस्त्री भट्टीच्या डोळ्यातून, म्हणजे बघायच्या भोकातून, आत बघत होते. काच पांढरी दिसायला हवी, ती नारिंगी दिसत होती. कडेला साय धरू लागली होती. आयुष्यभर ते या भट्टीजवळ उभे होते. तिला अशी त्यांनी कधी पाहिली नव्हती.

“तळ उघडायला हवा,” शेजारी उभे असलेले दुसऱ्या पाळीचे मिस्त्री म्हणाले. भट्टीच्या तोंडाशी उभं राहूनही हे गृहस्थ गळ्याला मफलर गुंडाळत, म्हणून त्यांना थंडोबा म्हणत. “आत्ता काच खाली सोडली तर भट्टी रिकामी होऊन वाचेल. गॅस येईल तेव्हा पुन्हा पेटवू. दुपार झाली की तळाची काच घट्ट होईल, मग पहार घेऊन बोंबलत बसा.”

थंडोबांचं खरं होतं. पण तळ उघडण्याला कारखान्यात एक रीत होती. फार पूर्वी एका पाळीच्या मिस्त्रीनं घाबरून एकट्यानंच तळ उघडला होता आणि खाली खड्ड्यात काम करणारी दोन माणसं जळाली होती. तेव्हापासून ठरलं, तिन्ही पाळ्यांचे मिस्त्री समोर असल्याशिवाय त्या पहारेला हात लावायचा नाही. तिघांपैकी एकजण तरी शुद्धीवर असेल, असा त्यात हिशेब.

आणि तिसरा मिस्त्री नव्हता. तिसरा होता थोरल्यांचा सख्खा भाऊ, धाकटा. पगार थकू लागले तसा तो बायको-मुलीला घेऊन सीमेपलीकडे गेला, मोठ्या घराच्या नव्या काच कारखान्यात. लोक तोंडावर काही बोलले नाहीत, मागे बोलायचं ते बोलले. त्याच्या जागी दुसरा नेमायचा विषय निघाला की थोरले म्हणत, “बघू.” युनियनच्या बैठकीत निघाला तरी “बघू.” भाऊ परत येईल आणि आपली जागा भरलेली बघून त्याला वाईट वाटेल, एवढ्यासाठी ती जागा त्यांनी रिकामी ठेवली होती.

“कुणालाही नेमा,” थंडोबा म्हणाले. “एखाद्या लाइनमनला नेमा. फाटकावरच्या कुत्र्याला नेमा. दोघं मिळून नेमू शकतो आपण, आणि सुरू करू.”

“धाकट्याला फोन केलाय पहाटेच. येतो म्हणाला. सीमा ओलांडायचा परवानाही मिळाला त्याला.”

“लगेच मिळाला? मोठं घर कधीपासून इतकं दयाळू झालं?”

थोरल्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. खरं सांगायचं तर त्या सगळ्या अरिष्टातही त्यांना आतून बरं वाटत होतं. भाऊ येत होता. तो येईल, तिघं मिळून तळ उघडतील, भट्टी वाचेल, आणि लोकही बघतील की वेळेला घरचा माणूस धावून आला. माणूस बुडत असतानाही असली स्वप्नं बघतो.

म्हणून थोरले थांबले. कामगारांनी तोवर जे जळण्यासारखं होतं ते बाजूच्या झरोक्यांतून आत लोटलं. खोकी, फळ्या, कँटीनची बाकं. पॅकिंग विभागात थोरल्यांची बायको मुकादम होती. तिला वयानं मोठी माणसंसुद्धा वहिनी म्हणत. तिनं पॅकिंगची टेबलं मोडून दिली. भट्टीनं ती गिळली आणि ढेकरही दिला नाही. कारखान्याचे साहेब चार दिवसांपासून राजधानीत मंत्र्यांच्या दाराशी बसले होते आणि फोन उचलत नव्हते.

ऊन डोक्यावर आल्यावर धाकटा आला. स्वच्छ शर्ट, छातीवर मोठ्या घराचं ओळखपत्र. त्यानं थोरल्यांच्या पायाला हात लावला आणि उभ्या उभ्याच पिशवीतून एक कागद काढला.

“दादा, तळ उघडायची गरजच नाही. कामगारांच्या वतीनं तुम्ही तिघा-चौघांनी यावर सह्या करा, पहिली तुझी. गॅस लगेच येईल, पूर्ण दाबानं. मला तसं सांगून पाठवलंय.”

थोरल्यांनी कागद वाचला. लिहिलं होतं ते थोडक्यात असं की आम्ही कामगार स्वखुशीनं सरकारला विनंती करतो, आमचा कारखाना मोठ्या घराच्या ताब्यात द्या, आम्हाला त्यांचा कायदा मान्य आहे. सरकार वाकत नव्हतं, म्हणून आता त्यांनी सरकारच्या खालची जमीनच पोखरायला घेतली होती.

“म्हणून तुला लगेच परवाना मिळाला होय,” थंडोबा म्हणाले.

धाकटा कळवळला. “काका, मी विकायला आलो नाही. मी तिथं काम करतो, मारत नाहीत कुणाला. पगार वेळेवर होतो.”

“आजारी पडलास तर?” वहिनींनी विचारलं.

तो हळूच म्हणाला, “आजारी पडायचं नाही.”

भोवती माणसं जमली होती. कुणी म्हणालं, करा सही, कायदा काय चाटायचाय? कुणी म्हणालं, आज फाटक देऊ, उद्या गाव मागतील. एकजण हमसून रडत होता, त्याच्या घरी महिनाभर भाताशिवाय काही शिजलं नव्हतं. बोलण्यात वेळ गेला, आणि चारशे संसारांचा प्रश्न म्हटल्यावर जाणारच. शेवटी थोरले म्हणाले, “आधी तळ. कागदाचं नंतर. आता तिघं आहोत.”

तिघं खाली उतरले. खड्डा मोकळा केला. धाकट्यानं ओळखपत्र काढून खिशात घातलं आणि सगळ्यांच्या आधी पहार धरली. इतकं मात्र त्याच्याबद्दल म्हणायलाच हवं. तळाचं बूच निघालं. पहार आत गेली आणि हातभर अंतरावर अडली. तिघांनी मिळून रेटली. घण मारला. झारीसारखी आगीची धार यायला हवी होती, तिथून मधाच्या जाडीचा एक लाल गोळा ओघळला, लोंबकळला आणि लोंबता लोंबताच काळा पडला.

थंडोबांनी पहार सोडली. “सकाळी धार आली असती,” ते म्हणाले.

आता एकच उपाय उरला होता, तो धाकट्याच्या पिशवीत होता. पूर्ण दाबानं गॅस आला तर काच अजूनही वितळली असती. वर आल्यावर सगळे थोरल्यांकडे बघू लागले.

“दादा,” धाकटा म्हणाला, “सही कर. हात जोडतो.”

थोरल्यांच्या मनात काय काय आलं असेल ते त्यांनाच ठाऊक. सही केली असती तर त्यांची चूक झाकली गेली असती. भट्टी जगली असती आणि सकाळ वाया कुणी घालवली हे कुणी विचारलंही नसतं. तो मोह होता, आणि त्यांना तो लख्ख दिसत होता. ते चालत बर्नरच्या नळाशी गेले. तिथं निळी ज्योत बोटभर उरली होती.

“भट्टी पुन्हा बांधता येते,” ते म्हणाले. “दोन वर्षं लागतील, चार लागतील. हा कागद एकदा गेला की परत आणता येत नाही.”

आणि त्यांनी नळ बंद केला.

धाकट्यानं धावत येऊन त्यांचं मनगट धरलं, पण तोवर ज्योत गेली होती, आणि ती पुन्हा धरेपर्यंत उरलेली काच गोठून जाणार होती. आता कागद मोठ्या घरालाही नको होता; मेलेली भट्टी घेऊन ते काय करणार? धाकट्यानं तो चुरगाळून खिशात कोंबला. परवान्याची मुदत संध्याकाळपर्यंत होती, बायको-मुलगी तिकडे होती, आणि रिकाम्या हातानं गेल्यावर नोकरी राहील की नाही याची खात्री नव्हती. या वेळी भावाच्या पायाला हात न लावताच तो निघून गेला. त्याला हाक मारायला थोरल्यांना तोंड नव्हतं.

माणसं बाहेर फाटकाशी जाऊन उभी राहिली. भट्टी आतून तडतडू लागली. तिच्याजवळच उभे राहिलेले थोरले मिस्त्री प्रत्येक आवाजाला डोळे मिटत.

वहिनी जवळ आल्या. “एक बोलू? कागदाला नाही म्हणालात ते बरोबर केलंत. मीही हेच केलं असतं. पण भट्टी मोठ्या घरानं एकट्यानं नाही मारली. भावाच्या मायेपायी तुम्ही सकाळ घालवलीत. देशाचं नाव घेऊन ते झाकू नका.”

“झाकत नाही.”

“मग बाहेर उभे आहेत त्यांना सांगा. मला सांगून काय उपयोग?”

थोरले फाटकाशी गेले. कुणी शिवी दिली असती तर त्यांना सोपं गेलं असतं. कुणी दिली नाही.

“सकाळी तिसरा मिस्त्री नेमला असता तर तळ उघडला असता,” ते म्हणाले. “मी भावासाठी थांबलो. भट्टी गेली त्यात माझा हात आहे. नळ बंद केला तोही मीच. त्याची मला लाज नाही, पहिल्याची आहे.”

मग मघाशी हमसून रडणारा माणूस पुढे आला. त्याचा आवाज शांत होता, राग त्यात नावालाही नव्हता.

“खरं बोललात, मिस्त्री. मोठ्या घराला नाही म्हणालात, तेही आवडलं. आता एवढं सांगा, मी घरी जाऊन काय म्हणू?”

त्याच्या मागे चारशे माणसं तेच ऐकायला थांबली होती.