बिनपगारी दोन वर्षं

फोन आला तेव्हा मावशींचे दोन्ही हात कोपरापर्यंत प्लास्टरने माखले होते. हॉस्पिटलच्या तळमजल्यावर कृत्रिम पाय बनवायचं वर्कशॉप होतं आणि तिथे त्या अठ्ठावीस वर्षं काम करत होत्या. एका ट्रकड्रायव्हरच्या गुडघ्याखाली उरलेल्या पायाचा साचा घेणं चालू होतं. प्लास्टर कुणासाठी थांबत नाही. त्यांनी साचा अलगद सोडवला, हात धुतले आणि मग उलट फोन लावला.

पलीकडे स्वयंसेवी संस्थेच्या बाई होत्या. तब्येतीचं कळलं, वाईट वाटलं, तुमचं नाव परदेशी कामाला जाणाऱ्यांच्या यादीतून काढावं लागतंय, असं त्या फार गोड आवाजात म्हणाल्या.

"कसली तब्येत?"

"तुमच्या मिस्टरांचा फोन होता. चक्कर येते, बीपी आटोक्यात नाही म्हणाले."

मावशींना क्षणभर खरंच चक्कर आल्यासारखं झालं. मग त्यांनी शांतपणे सांगितलं, की नाव काढण्याआधी तुमच्याच डॉक्टरांकडून मला तपासून घ्या. बाईंनी परवाची वेळ दिली.

युद्धातून नुकत्याच उठलेल्या एका देशात दोन वर्षं राहायचं, पाय बनवायचे आणि तिथल्या लोकांना ते शिकवायचं, असं काम होतं. जेवण, राहणं संस्थेचं, पगार नाही. वर्कशॉपमध्ये मावशींच्या डोक्यावर आजवर तीन साहेब आले. तिघांनाही साचा धरायला मावशींनीच शिकवलं आणि तिघेही पुढे परदेशी प्रशिक्षणाला जाऊन आले. मावशींच्या ओळखपत्रावर मात्र अजून 'मदतनीस' लिहिलेलं होतं. संस्थेने पाठवलेल्या फोटोत काठ्या टेकवून भिंतीलगत बसलेली माणसं होती, आणि त्यांच्यासाठी कारागीर एकच. तो फोटो पाहिल्यापासून मावशींचं ठरलं होतं.

संध्याकाळी घरी आल्या तर नणंद येऊन बसलेली. वहिनीला चार समजुतीच्या गोष्टी सांग म्हणून नवऱ्यानेच तिला बोलावून घेतलं होतं. मावशींनी पर्स खुंटीला लावली आणि उभ्या उभ्याच विचारलं, "अहो, मला कधीपासून चक्कर येते?"

नवरा चष्मा पुसू लागला. मग आवाज चढवून म्हणाला, की वर्षभरापूर्वी रिटायर झालो ते एकट्याने भिंती बघायला नाही. या वयात कुठे तडमडायला जायचंय? लोक काय म्हणतील? आणि शेवटी, "मला एका शब्दाने विचारलंस का?"

"आठ महिन्यांपूर्वी विचारलं. तुम्ही पेपर वाचत होतात. 'बघ तुला काय करायचं ते' म्हणालात. फॉर्मवर तुमची सही आहे."

"मला वाटलं, गॅसचं काहीतरी असेल."

नणंदेला हसू आवरेना. भाऊ तिच्याकडे रागाने बघू लागला तशी ती गंभीर झाली. "दादा, तू नोकरीत बदली घेऊन सहा वर्षं बाहेर राहिलास," ती म्हणाली. "तेव्हा वहिनीने कुणाला फोन करून तुझं दुखणं सांगितलं नव्हतं."

त्यावर नवरा जेवायलाच उठला नाही. मावशींनी त्याचं ताट झाकून ठेवलं, मनधरणी केली नाही.

तपासणीला नणंद सोबत गेली. पहिल्या खेपेला बीपी जरा वर निघालं. डॉक्टरांनी भुवया उंचावल्या. "दोन दिवस घरात भांडण चालू आहे," मावशी म्हणाल्या. "अर्ध्या तासाने पुन्हा बघा. तोवर हवं तर तुमचे चारही मजले चढून येते." त्या खरोखरच चढून आल्या, धाप ओसरेपर्यंत बाकावर टेकल्या, आणि दुसऱ्या खेपेला आकडा जिथे असायला हवा तिथे होता. डॉक्टरांनी सही केली.

निघायच्या दिवशी नवरा आतल्या खोलीत टीव्ही मोठ्याने लावून बसला होता. मावशींनी टीव्ही बंद केला.

"निघते," त्या म्हणाल्या. "रागावून राहायचं तर राहा. पण मी आजारी नाही आणि पळूनही जात नाही. कामाला जातेय."

बॅग जड होती. तो उठेल, असं त्यांना दारापर्यंत वाटत राहिलं. मग त्यांनी ती स्वतःच उचलली. जिन्यात डोळे भरून आले, पण पाय थांबले नाहीत.

पहिल्या आठवड्यात त्यांनी अकरा साचे घेतले. तिथे त्यांना सगळे 'उस्ताद' म्हणू लागले.

दुसऱ्या महिन्यात नवऱ्याचा फोन आला. माफी मागितली नाही. हवापाण्याचं बोलून झाल्यावर घुटमळत म्हणाला, "शेजारचे विचारतात, वहिनी कुठे गेल्या म्हणून. काय सांगू?"

"खरं तेच सांगा," मावशी म्हणाल्या, आणि काठी टेकवून बाकावर थांबलेल्या बाईला त्यांनी हाताने आत बोलावलं.