मास्तर करतील

मी संशयी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. पुढचं ऐकताना कुणी मला उगाच चांगलं समजायला नको.

चव्वेचाळीस साल लागलं आणि आमच्या मास्तरांनी एकाएकी 'नाही' म्हणायला सुरुवात केली. मास्तर म्हणजे माझे यजमान, शांतवन मास्तर. संगमनेरपासून चार कोसांवर, प्रवरेकाठच्या आमच्या गावात मिशनच्या शाळेत शिकवायचे. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, पण त्यांनी कुणाला नकार दिलेला मी ऐकला नव्हता. शाळा तर होतीच, वर रविवारची शब्बाथशाळा, उपासनेत पेटी वाजवणं, रात्रशाळा, रेशनचे अर्ज आणि लढाईवर गेलेल्यांच्या बायकांची पत्रं.

नव्या वर्षाच्या उपासनेत पाळकसाहेब वर्षभराची कामं वाचून दाखवत, आणि ज्याला जे घ्यायचं असेल त्यानं हात वर करायचा. त्या दिवशी मास्तरांचे दोन्ही हात मांडीखाली. शब्बाथशाळेला हात नाही, पेटीला नाही, रात्रशाळेला नाही. सगळी मंडळी माझ्याकडे बघायला लागली, जणू मीच ते हात धरून ठेवले होते.

"प्रकृती बरी नाही का?" घरी आल्यावर मी विचारलं.

"बरी आहे. आता दोनच कामं करायची. शाळा आणि पत्रं. पत्रंसुद्धा दिवसाला एकच."

"असं कुणी ठरवलं?"

"मीच."

हेच मला खटकलं. आजवर त्यांचं काही त्यांनी ठरवलं नव्हतं. शिवाय सुटलेला वेळ माणूस कुठेतरी घालवतोच. तो कुठे, हे बघणं माझं काम होतं. तर मास्तर दर शनिवारी दुपारी नदीपलीकडे जायला लागले. विचारलं की म्हणायचे, "जरा पाय मोकळे करून येतो." पाय मोकळे करायला कुणी नदी ओलांडत नाही.

जानेवारीच्या शेवटी त्यांचा कोट धुवायला काढला आणि आतल्या खिशात लष्करी डाकेचा कागद सापडला. मी मिशनमध्ये सहावीपर्यंत शिकलेली, मला वाचायला दुसरं कुणी लागत नाही. इटलीतून सूर्यभान नावाच्या शिपायानं आपल्या बायकोला, छबूबाईला, शाळेच्या पत्त्यावर लिहिलं होतं. 'दोन वर्षं मी गावी आलो नाही. मुलगा झाला म्हणून तूच कळवतेस. तो कुणाचा, ते खरं सांग.'

छबूबाई राहायची नदीपलीकडच्या वस्तीवर.

कागद कमरेला खोचला आणि तशीच निघाले.

छबूबाई अंगणात तुरी झोडपत होती. पंचविशीची, वाळकी बाई. मी दोरीवर दुपटी शोधली, दारातून आत झोळी दिसते का बघितलं. काही नव्हतं. एक शेळी होती.

"मास्तरीनबाई, तुमी?" ती उठली. "बरं झालं आलात. चार म्हयनं झालं, धन्याचा कागुद न्हाई. मास्तरांना इचारा की."

तो कागद माझ्या कमरेला टोचत होता. "मास्तर येत नाहीत का तुझ्याकडे?"

"येत्यात बांधापत्तुर. हुबं ऱ्हात्यात आन् माघारी फिरत्यात." ती माझ्या तोंडाकडे बघत होती. "धनी गेला आसंल आन् त्यांच्यानं सांगवत नसंल. तसं आसलं तर तुमी सांगा."

"जिवंत आहे तो," मी म्हणाले आणि जवळजवळ पळतच घर गाठलं.

मास्तर ओट्यावर बसले होते. मी कागद त्यांच्यापुढे टाकला. तो बघून त्यांना सुटल्यासारखं वाटलं, हे मला स्पष्ट दिसलं.

"ते मूल लंकाबाईचं," ते म्हणाले.

लंकाबाई आमच्याच गल्लीतली. तिचा नवरा आदल्या दिवाळीत रजेवर येऊन गेला आणि भादव्यात तिला मुलगा झाला. एकाच दुपारी दोघी पत्रं लिहून घ्यायला आल्या होत्या. समोर रेशनच्या अर्जांची चळत, दाराशी गाण्याच्या तालमीला आलेली मुलं खोळंबलेली. लंकाबाईनं सांगितलेलं वाक्य मास्तरांनी छबूबाईच्या पत्रात लिहून टाकलं होतं.

"डोळे मिटत होते माझे, पण हात चालू होता," ते म्हणाले. "त्या दिवशी कुणाला तरी उद्या या म्हणायला हवं होतं. आता म्हणतोय. पण छबूबाईला सांगायचा धीर होत नाही."

"मग इतकी कामं घेतलीत कशाला?"

"पेटी मी घेतली. रात्रशाळा, अर्ज, शब्बाथशाळा तू दिलीस."

खरं होतं. लोक आधी मला विचारायचे आणि मी चुलीपुढून सांगायचे, मास्तर करतील. केवढा मोठेपणा वाटायचा मला. महिनाभर मी त्यांच्यावर पाळत ठेवली, आणि त्यांची झोप वाटून टाकणारी मीच निघाले. इतकी लाज मला पुन्हा कधी वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं गेलो. मास्तरांनी सगळं सांगितलं. छबूबाई रडली नाही. तिनं नवं पत्र लिहून घेतलं आणि पाकीट चिकटवायच्या आधी म्हणाली, "ह्ये आता मास्तरीनबाई वाचून दावतील. मास्तरांवर माझा इस्वास न्हाई ऱ्हायला."

मी दोनदा वाचून दाखवलं. मास्तर खाली मान घालून ऐकत होते.

एप्रिलच्या सुरुवातीला उत्तर आलं. मास्तरांना ते उघडवेना, म्हणून मीच नेलं. 'पोर नाही हे कळलं. आधीचं पत्र आल्यावर पहिले आठ दिवस तुझा जीव घ्यायचं मनात होतं. मग खंदकात माझ्या शेजारचे दोघं गेले. तेव्हा म्हटलं, कुणाचं का असेना, आपल्या घरात पोर आहे. त्याचं नाव श्रीमंत ठेवायचं ठरवलं होतं.'

छबूबाईनं कागदावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "नाव तेवढं परत वाचा."

मी वाचलं.

परतताना नदीच्या उतारावर मंडळीचे पंच रंगनाथराव भेटले. ईस्टर तोंडावर आलेला आणि पेटीवर बसायला कुणी नव्हतं.

"मास्तर करतील ना, लिडियाबाई?"

सवयीनं माझं तोंड उघडलं होतं. ते मी मिटलं.

"त्यांनाच विचारा," मी म्हणाले, "आणि नाही म्हणाले तर ऐकून घ्या."