नापसंत चाकू

गुलाबराव गेल्याला वर्ष होत आलं, तरी त्यांचं चाकूंचं कपाट इंदुमतीने उघडलं नव्हतं. केंद्र सरकारात सरळमार्गी नोकरी केलेल्या त्या माणसाला एकच शौक होता, मिटणारे चाकू जमवण्याचा. पूर्वी ऑफिसातलं कुणी परदेश दौऱ्यावर निघालं की ते भीड घालून एखादा मागवत. मग बाजार खुला झाला, कनॉट प्लेसच्या दुकानांत बाहेरचा माल उघड मांडला जाऊ लागला आणि कपाट भरत गेलं. रविवारी दुपारी ते दिवाणावर वर्तमानपत्र पसरून चाकू पुसत बसायचे. इंदुमती त्या वेळी आतल्या खोलीत आडवी व्हायची.

"आई, विकून टाक ते सगळं," क्षिप्रा फोनवर म्हणाली. ही तिची एकुलती एक मुलगी. गुडगावच्या नव्या टॉवरमध्ये राहायची आणि अमेरिकेच्या घड्याळावर चालणाऱ्या एका कंपनीत काम करायची. मयूर विहारला आईकडे यायचं तर तिचा सुट्टीचा अर्धा दिवस रस्त्यातच जायचा, त्यामुळे ती फोनच जास्त करायची. "नेटवर चाकूवाल्यांचा एक ग्रुप आहे. त्यात एक मराठी माणूस सापडलाय, नोएडात नोकरी करतो. रविवारी पाठवते."

आला तो सुधन्वा. पस्तिशीचा, चष्मा लावणारा, दिल्लीतच वाढलेला. दारात चप्पल काढताना त्याने विचारलं, "काकू, आत येऊ ना?" इंदुमतीने कपाटातला हाताला लागेल तो पहिला चाकू त्याच्यापुढे ठेवला. लाकडी मुठीचा, साधासा. त्याने तो उघडला, मिटला, पातं खिडकीकडे धरून एक डोळा बारीक करून पाहिलं.

"धार काकांनी स्वतः लावलीय?"

"हेच लावायचे. तासन् तास."

"कमाल हात होता, काकू. इतकी सारखी धार मशीनवरसुद्धा येत नाही. बिल्कुल नाही."

इंदुमती पाहत राहिली. समाचाराला आलेले सगळे गुलाबरावांना भला माणूस म्हणून गेले होते. त्यांच्या हाताचं कौतुक कुणी केलं नव्हतं, तिने स्वतःसुद्धा नाही. तिला वाटलं, हा अजून काही बोलेल. पण चाकू पसंत पडला होता. सुधन्वाने पैसे दिले, चहा उभ्यानेच संपवला आणि तो निघाला.

"अजून असतील ना?"

"आहेत. शोधावे लागतील," ती म्हणाली. खरं तर शोधण्यासारखं काहीच नव्हतं. कपाट तिच्या पाठीमागेच होतं.

पुढच्या रविवारी तिने दुसरा चाकू काढला. सुधन्वाने तो उघडला आणि त्याचा चेहरा पडला.

"ये... याच्या पात्याला अर्ध्यात दात आहेत. त्याला काय म्हणतात मराठीत?"

"दातेरी."

"हां, दातेरी. काकू, निम्मी धार सरळ, निम्मी दातेरी, म्हणजे धड ना हे, धड ना ते. सरळ भाग उरतो एवढासा. आणि हे दात दगडावर घासता येत नाहीत. एकदा बोथट झाले की बसा."

तो बसला आणि बोलत राहिला. नेटवर या एका गोष्टीवरून लोक कसे भांडतात, तो स्वतः असा एक चाकू घेऊन कसा पस्तावला, ते सगळं त्याने सांगितलं. इंदुमतीने पुन्हा चहा टाकला, मग पोहे केले. तो गेला तेव्हा समोरच्या ब्लॉकमध्ये दिवे लागले होते.

पोह्याची बशी धुताना तिच्या लक्षात आलं की चाकू आवडला की हा माणूस लगेच जातो. नाही आवडला की थांबतो.

सोमवारी तिने कपाट पुरतं उघडलं. पलंगावर जुनी चादर अंथरली आणि एकेक चाकू हातात घेऊन पाहायला लागली. सुरुवातीला उघडतानाही भीती वाटे. मग बोटांना सवय झाली. जे चांगले वाटले ते तिने खालच्या कप्प्यात साड्यांमागे सारले. ज्यांच्यात खोट दिसली ते वर ठेवले. एकाच्या पात्यावर काळा मुलामा होता आणि तो ओरखडे पडून बेवारशी कुत्र्यासारखा दिसत होता. एकावर कंपनीचं नाव इतक्या मोठ्या अक्षरांत कोरलं होतं की पातं म्हणजे दुकानाची पाटी वाटावी. एकाचं पातं उघडल्यावर किंचित डुगडुगायचं. ते तिने कानाशी धरून हलवून पाहिलं, आणि बारीकशी टकटक ऐकू आल्यावर तिला चक्क आनंद झाला.

त्या महिन्यांत रविवारला पुन्हा आकार आला. ती सकाळीच भाजीवाल्याकडून मटार घ्यायची, बाहेरच्या खोलीतला पडदा बदलायची. सुधन्वा यायचा, चाकू बघायचा, मान हलवायचा आणि का नको ते समजावून सांगायचा. मध्येच गुलाबरावांबद्दल विचारायचा. ती सांगायची, आणि सांगता सांगता तिलाच नवं काही आठवायचं. त्याच्या बायकोला दिवस गेलेत, हे त्याने स्वतःच्या आईच्या आधी इंदुमतीला सांगितलं. ती त्याला कधी अरे-तुरे करायला लागली, ते दोघांनाही कळलं नाही.

मग एका रविवारी तिने एक राखाडी मुठीचा चाकू पुढे केला. सुधन्वाने तो उलटसुलट केला आणि एकदम कळवळला.

"अरे यार, हा किती छान होता! काय करून ठेवलंय याचं?"

"काय झालं?"

"बघा. खिशाला अडकवायची ही क्लिप. कंपनीने एका बाजूला दिली होती. इथे, ही जुनी भोकं. कुणीतरी ती काढून दुसऱ्या बाजूला लावलीय, हाताने भोकं पाडून. एक तर वाकडं पडलंय. अंगठ्याने उघडायचं बटणही इकडचं तिकडे केलंय. काकू, कुणीही शौकीन हा घेणार नाही. असा चाकू म्हणजे बिघडवलेला चाकू." मग त्याने विचारलं, "काका डावखुरे होते का?"

"नाही. हे उजवेच."

"मग? हा आता फक्त डावखुऱ्या माणसाच्या कामाचा आहे."

इंदुमतीने हात पुढे केला. डावाच. सुधन्वाने चाकू तिच्या हातावर ठेवला. तिचा अंगठा त्या बटणावर बरोबर बसला आणि पातं अलगद उघडलं.

तिला तो दिवस आठवला. क्षिप्रा शाळेत होती तेव्हाचा. ती स्वयंपाकघरात विळीवर भेंडी चिरत होती, आणि गुलाबराव दारात उभे राहून म्हणाले होते, "हा तुला जमतो का बघ बरं." तिने वर न बघता सांगितलं होतं, "मला कशाला चाकू? विळी आहे की." ते थोडा वेळ तसेच उभे होते. मग बाहेरच्या खोलीत गेले होते. हातात काय होतं, हे तिने पाहिलंसुद्धा नव्हतं.

तिला रुमाल सापडेना, म्हणून तिने पदर डोळ्यांना लावला.

"काकू," सुधन्वा म्हणाला, "एक विचारू? रागावू नका. तुम्ही मला मुद्दाम नको तेच दाखवता ना?"

तिने चाकू मिटला. "कधी कळलं?"

"तीन-चार रविवारांपूर्वी. ज्या काकांनी तो पहिला चाकू जमवला, त्यांच्याकडे एवढे खराब असणार नाहीत."

"मग येत का राहिलास?"

"बरं वाटायचं इथे." त्याने चष्मा पुसला. "तुम्ही नुसतं ये म्हणाला असतात तरी आलो असतो."

"चाकूंशिवाय?"

यावर त्याला पटकन उत्तर देता आलं नाही, आणि त्याचं ते अडखळणं तिला खोट्या होकारापेक्षा बरं वाटलं. ती उठली. साड्यांमागचे सगळे चाकू काढून तिने दिवाणावर मांडले. ते पाहून सुधन्वाचे डोळे लहान मुलासारखे चमकले, आणि तो आनंद लपवायचा त्याने केलेला प्रयत्नही तिला दिसला. त्याने बहुतेक सगळे घेतले. भाव करायला तिने नकार दिला, तर त्यानेच भाव वाढवून दिला.

जाताना तो म्हणाला, "काकू, कंपनी मला बंगलोरला पाठवतेय. पुढच्या महिन्यात. आज सांगणारच होतो."

"बायकोला जप," ती म्हणाली. "या दिवसांत सामान उचलू देऊ नकोस."

त्यानंतरचे रविवार लांबलचक गेले. बंगलोरला पोचल्यावर त्याने एकदा फोन केला, मुलगी झाली तेव्हा एकदा केला. पुढे नाही. इंदुमतीला त्याचा राग आला नाही. पण रविवारी मटार घ्यायची तिची सवय लवकर सुटेना. सोललेले दाणे डब्यात तसेच राहायचे.

क्षिप्राने एकदा विचारलं, "आई, कपाट क्लिअर झालं ना? चलो, एक काम संपलं."

"क्षिप्रा," इंदुमती म्हणाली, "मला इथे करमत नाही गं. एकटीला फार जड जातं."

"अचानक काय झालं, आई?"

"अचानक नाही. सांगितलं आज."

शनिवारी सकाळी क्षिप्रा आली. रात्रपाळी संपवून ती थेट टॅक्सीने आली होती. डोळे लाल, केस कसेतरी बांधलेले. "आज मी दिवसभर आहे," ती म्हणाली, "आपण खूप गप्पा मारू." वरणभात खाता खाताच तिला पेंग यायला लागली. "पाचच मिनिटं पडते हं," म्हणून ती दिवाणावर आडवी झाली आणि गाढ झोपली.

इंदुमतीने पंखा हळू केला. उन्हाची तिरीप क्षिप्राच्या चेहऱ्यावर येत होती म्हणून पडदा ओढला. मग खुर्ची दिवाणाजवळ घेऊन ती बसून राहिली. खाली कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं आणि ती होत नव्हती. मुलीला उठवावं, असं तिच्या दोन-तीनदा मनात आलं. तिने उठवलं नाही.